पावण्याची नोंदवही

२००७ सालच्या श्रावणात भातसानगरच्या कर्मचारी वसाहतीतल्या एका पाळीव सरड्याला सलग अकरा दिवस शौचास झाली नाही. सरडा नर, वजन तीनशे ऐंशी ग्रॅम, जात ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली. नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, त्याला शहापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं गेलं. रांगेत त्याच्या पुढे दोन म्हशी, एक गाभण गाय आणि एक शेळी होती. नंबर लागेपर्यंत त्याने वाट पाहिली.

त्या दवाखान्यात मी तेव्हा डॉक्टर होतो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून एकोणीस वर्षं नोकरी झाली. त्याआधी, सरकारी नेमणुकीची वाट बघण्याच्या काळात, दीड वर्ष ठाण्याच्या एका सांजदैनिकात उपसंपादकाचं काम केलं. तिथे दोन गोष्टी शिकवल्या गेल्या. कोण, कुठे, कधी आणि काय हे सुरुवातीलाच सांगायचं. आणि ज्याची खात्री नाही, ते कोणाच्या सांगण्यावरून लिहितो ते नमूद करायचं. जनावरांच्या डॉक्टरकीत दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडली. जनावर काही सांगत नाही. सांगतो तो मालक, आणि तो निम्मं लपवतो. म्हणून आधी शेण बघायचं, मग मालकाचं ऐकायचं.

म्हसाच्या जत्रेत एका बैलाचं पोट डाव्या अंगाने ढोलासारखं फुगलं होतं. मालकाचं म्हणणं, सकाळपासून बैलाच्या तोंडात काडी गेलेली नाही. बैलाच्या ओठांना गूळ लागलेला होता. जनावर गिऱ्हाइकाला भरलेलं दिसावं म्हणून मालकाने त्याला तांदळाची पेज आणि गूळ पोटभर पाजला होता. बैलाला तेल पाजलं, चालवलं, पुन्हा चालवलं. दुपारी एक वाजता बैल मोकळा झाला. त्या वेळी गिऱ्हाईक मागच्या बाजूने त्याचे खूर तपासत होतं. सौदा झाला नाही.

कसाऱ्याहून एक गृहस्थ शेळी घेऊन आले. शेळीने त्यांचा रेल्वेचा तिमाही पास खाल्ला होता. शेळीला काही झालेलं नव्हतं. पास तिच्या पोटात आहे असा दाखला त्यांना हवा होता, तिकीट तपासनिसाला दाखवायला. मी लिहून दिलं, ‘सदर शेळीने पास खाल्ल्याचे मालकाचे म्हणणे आहे. शेळीची प्रकृती उत्तम आहे. पासाबाबत खात्री करता आली नाही.’ आठवड्याने ते पुन्हा आले, दाखल्याची दुसरी प्रत मागायला. पहिली शेळीने खाल्ली होती.

तर गुरुवारी नंबर लागल्यावर दवाखान्याचा परिचर काळू वाघ याने टेबलावरचा पत्र्याचा डबा उघडला, आत पाहिलं आणि पुन्हा मिटला. काळू डोळखांबकडच्या एका वाडीचा. बावीस वर्षं जनावरं धरण्यात गेल्यामुळे तो सहसा कशाने दचकत नसे.

“साहेब, सरडा हाय,” तो म्हणाला. “दाढीवाला.”

घोरपड तर नाही ना, असं मी विचारलं. घोरपड पाळणं हा गुन्हा आहे.

“घोरपड असती तर ह्यो मानूस फारेष्टच्या हापिसात बसला असता. आपल्याकडं कशाला येतोय?”

हा माणूस म्हणजे यशवंत धानके. भातसा धरणावर पाणीपातळीची नोंद ठेवण्याचं काम करत. वय चौपन्न, शर्टाला इस्त्री, हातात रेघांची लांबट वही. त्यांनी तक्रार तोंडी सांगितली नाही, वही पुढे केली. धरणाच्या नोंदवहीत असतात तेच रकाने त्यांनी सरड्यासाठी आखले होते. आवक, विसर्ग, शेरा. आवक म्हणजे दिवसभरात काय खाल्लं. विसर्ग म्हणजे काय बाहेर पडलं, किती वाजता, कोणत्या रंगाचं. पंधरा महिन्यांत एकही दिवस कोरा नव्हता. माझ्या एकोणीस वर्षांत कोणत्याही जनावराच्या मालकाने इतका पूर्ण पूर्वेतिहास आणला नाही. शेवटच्या नऊ ओळींत विसर्गाच्या रकान्यात एकच शब्द होता, शून्य.

सरड्याचं नाव पावणा. धानक्यांची मुलगी अरुणा हिने त्याला वडिलांकडे ठेवलं होतं, आणि जो घरी राहायला येतो तो पावणा, असं म्हणून तिच्या आईने, कुसुमबाईंनी, हे नाव पाडलं. अरुणा त्याला रॉकी म्हणत असे. त्या नावाने हाक मारल्यास तो बघत नाही, अशी शेऱ्यात नोंद होती.

आवकीचा रकाना मी वरून खाली वाचला. आषाढापर्यंत सगळं ठीक. ‘नाकतोडे ६. जास्वंदीची पानं ३. लाल भोपळ्याचा कीस.’ पुढे एक ओळ, ‘श्रावण सुरू. नाकतोडे बंद.’ त्यानंतर नुसता पाला. आणि दोन्ही सोमवारी, ‘उपवास. साबुदाण्याची खिचडी १ चमचा, मिरची वगळून.’

श्रावणात घरात जीव मारायचा नाही, असा कुसुमबाईंचा नियम होता. घरात राहणाऱ्या सगळ्यांना तो लागू होता, पावण्यालाही.

साबुदाणा कशाला म्हणून विचारलं, तर धानके म्हणाले, “आमी खातो नि तो काचेतनं बघत बसतो. हिला बघवत नाय.”

निदान मला सोपं वाटलं. साबुदाणा आतड्यात चिकटून बसला. गाईला अशा वेळी अर्धा लीटर तेल पाजतात. गाय तीनशे किलोची धरली, तर पावण्याच्या वाट्याला अर्धा मिलीलीटरहून थोडं जास्त येत होतं. वजनाची खात्री करायला त्याला शेजारच्या किराणा दुकानात नेलं. दुकानदाराने तराजूचं पारडं आधी पुसलं आणि नंतर धुतलं. अर्धा मिली औषधी तेल ड्रॉपरने पाजलं आणि दोन दिवस थांबायला सांगितलं. जाताना धानक्यांनी तेलाची नोंद आवकीच्या रकान्यात केली.

दोन दिवसांत काही झालं नाही. शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. पावणा डोळे मिटून पडलाय, पोट टणक लागतंय. मी स्कूटर काढली. काळूला बोलावलं नव्हतं, तो मागे बसला.

धानक्यांच्या क्वार्टरमध्ये टीव्हीशेजारी काचेची पेटी होती. कोण्या दुकानाचं जुनं शोकेस आडवं केलेलं. वर दिवा, लख्ख पांढरा. खाली पावणा पसरलेला, रंग ओल्या राखेसारखा. कुसुमबाई दारातच म्हणाल्या की माझ्या श्रावणाला बोल लावणार असाल तर आधी चहा घ्या, मग बोला. त्या चहा ठेवायला आत गेल्या. तेव्हा धानक्यांनी वही उघडून समासाकडे बोट दाखवलं. दर रविवारच्या ओळीबाहेर एक आकडा होता. सुरुवातीला २, २, ३. मग ५. अलीकडे ९, ११. गुरुवारी ते आकडे मला कळले नव्हते.

ती फोनची मिनिटं होती. २००५ साली धानक्यांनी अरुणासाठी एक स्थळ पक्कं केलं. तिने ऐन वेळी नकार दिला. पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस, असं ते तिला म्हणाले. चौदा महिने तिने पाय ठेवला नाही आणि फोनही केला नाही. मग तिला नोकरीच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला जावं लागलं. तिथल्या वसतिगृहात सरडा चालणार नव्हता. शहापूरच्या एसटी स्टँडवर तिने वडिलांच्या हातात सरड्याचा डबा दिला, सोबत दोन पानी सूचना. दोघं फार बोलले नाहीत. त्या रविवारी साडेदहाला लँडलाइन वाजला. किती खाल्लं, शी झाली का, एवढंच तिने विचारलं. धानक्यांना नेमकं उत्तर देता आलं नाही. वही दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली.

मागच्या रविवारी पावणा बरा आहे असं त्यांनी तिला सांगितलं होतं. वहीत त्या दिवशी शून्य होतं. गौरीला घरी येते, असं ती त्याच फोनवर म्हणाली होती. पावण्याला बघायला.

“डॉक्टर,” धानके आवाज न चढवता म्हणाले, “हा गेला तर रविवारचा फोन बंद होईल.”

मी पावण्याचं पोट चाचपलं. मग चहा घेतला आणि श्रावणाला बोल लावला. या जातीला किडे लागतात, साबुदाणा मुळीच चालत नाही, असं दोघांना समजावून सांगितलं. हे पाच-सात मिनिटं चाललं. त्या वेळात काळूने पेटीचं झाकण सरकवून आत कोपरापर्यंत हात घातला होता.

“साहेब, तुमी पन घाला जरा हात.”

मी घातला. पेटीत भर दुपारइतका उजेड होता आणि माठाखालच्या जागेइतका गारवा.

“सरडा कुंपनावर कशाला बसतोय?” काळू म्हणाला. “आदी ऊन खातोय, मंग किडा. ह्याला तुमी ऊन दिलाच नाय. गार सरड्याच्या पोटात काय शिजनार?”

गाईचं पोट ही तिची स्वतःची चूल असते. बाहेर थंडी असो की पाऊस, आत वैरण आंबत राहते आणि त्यातूनच ऊब तयार होते. सरड्याची चूल अंगाबाहेर असते. ऊन किंवा तापलेला दगड मिळाला तर अन्न पचतं. नाही मिळाला तर खाल्लेलं आहे तसं आत पडून राहतं, मग तो नाकतोडा असो, भोपळा असो की खिचडी. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता. चहा पिताना यातलं काही आठवलं नाही.

धानक्यांनी पेटीवरच्या दिव्याकडे पाहिलं. वसाहतीत वीज वाचवण्याचा आग्रह चालू होता. पिवळे बल्ब काढून नव्या सीएफएल लावणारं पहिलं घर त्यांचं होतं. पाचही बल्ब त्यांनी एका दुपारी बदलले. उजेड तेवढाच आणि वीज पाचवा हिस्सा, हे शेजाऱ्यांना ते स्वतः समजावून सांगत. अरुणाच्या सूचनेत लिहिलं होतं, ‘बल्ब रोज दहा तास चालू ठेवणे.’ धानके बल्ब रोज दहा तास चालू ठेवत होते. कुठला बल्ब हे तिने लिहिलं नव्हतं. सूचना लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर बल्ब म्हणजे शंभरचा पिवळा, एवढंच असावं.

त्यांनी वहीची पानं मागे उलटली आणि एक ओळ वाचून दाखवली.

“मंगळवार. विसर्ग सकाळी सव्वाआठ, नियमित. शेरा, दुपारी बल्ब बदलले.”

त्याच्या खालच्या ओळीपासून शून्य सुरू होत होतं.

कुसुमबाई आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाच बल्ब घेऊन आल्या. “फेक म्हनाले हे. मी फेकते होय,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “म्हंजे माझ्या श्रावनाचा काय गुन्हा नव्हता.”

साबुदाण्यापुरता होता, असं मी सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नसल्याचं दाखवलं.

पेटीच्या एका टोकाला शंभरचा बल्ब लागला. दुसरं टोक गार ठेवलं, म्हणजे त्याला हवं तेव्हा हटता येईल. काळूने मागच्या पडवीवरून एक कौल काढून बल्बखाली ठेवलं. कौलाचं तापमान म्हशींच्या थर्मामीटरने मोजलं. थर्मामीटर कुठे वापरतात असं कुसुमबाईंनी विचारलं आणि उत्तर मिळाल्यावर कौल बदलायला लावलं. दुसरं कौल एकशेचार अंशांवर स्थिर झालं. पावणा अर्ध्या तासाने सरपटत त्यावर चढला. तासाभरात राखेचा रंग जाऊन तो हळदीवर आला. डोळे उघडले. खायला काही द्यायचं नाही, आधी आतलं बाहेर येऊ द्या, असं सांगून आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी रविवार, सुट्टी. तरीही नऊ वाजता मी भातसानगरला होतो. काळू माझ्या आधी पोहोचला होता. अंगणात घमेल्यात कोमट पाणी घेतलं, पावण्याच्या खांद्यापर्यंत. धानके एका हाताने त्याला तोलून धरत होते, दुसऱ्या हाताच्या बोटाने पोट हलकेच मागे चोळत होते. वही स्टुलावर उघडी होती. घड्याळ काढून वहीवर ठेवलं होतं. वसाहतीतली दहा-बारा माणसं कुंपणाशी उभी होती. त्यांतल्या एकाने दुसऱ्याला हळूच सांगितलं की दरवाजे उघडायचेत.

नऊ वीसला एक वनरक्षक आला. धानके घोरपड पाळतात अशी कोणीतरी तक्रार केली होती. तो घमेल्यापाशी वाकला. अनोळखी तोंड जवळ आलेलं पाहून पावण्याने गळा फुगवला. दाढी काळी कुळकुळीत झाली. मग त्याने पुढचा एक पाय पाण्याबाहेर काढला आणि हवेत सावकाश गोल फिरवला. ही या जातीची सवय आहे, समोरच्याशी भांडण नको असा त्याचा अर्थ. वनरक्षकाला हे माहीत नव्हतं. त्याने टोपीला हात लावून नमस्कार केला.

“शिकवलंय का काय ह्याला?” त्याने विचारलं.

“नाय,” काळू म्हणाला. “तो सगल्या सायबांना करतोय.”

नऊ चाळीसला विसर्ग झाला. धानक्यांनी आधी घड्याळ पाहिलं आणि मगच घमेल्यात. आधी पांढरा भाग, मग काळसर, भरपूर, आणि शेवटी काही साबुदाणे, शाबूत. कुसुमबाईंनी ते पाहिले आणि पदर तोंडाला लावला. हसू दाबण्यासाठी की शरमेने, याची खात्री करता आली नाही. कुंपणावर टाळ्या पडल्या. त्याच मिनिटाला धरणाचा भोंगा वाजला. त्या दिवशी धरणाचे दरवाजे खरोखरच उघडणार होते. दोन्ही घटनांचा परस्पर संबंध नव्हता, पण कुंपणावरची माणसं बराच वेळ हसायची थांबली नाहीत, आणि वहीत लिहिताना धानकेही हसत होते. पंधरा महिन्यांच्या सरळ अक्षरात ती एकच ओळ तिरकी आहे.

वनरक्षकाने जागेवरच अहवाल लिहिला. ‘सदर प्राणी घोरपड नसून परदेशी सरडा आहे. प्रकृती चांगली. नमस्कार करतो.’

साडेदहाला फोन वाजला. आम्ही निघालो होतो, कुसुमबाईंनी पोह्यांसाठी थांबवलं. धानक्यांनी अकरा दिवसांचा तपशील क्रमाने सांगितला. मागच्या रविवारी खोटं सांगितलं, हेही सांगितलं. मग म्हणाले, “बल्ब मी बदलला. चूक माझी झाली.” पुढे म्हणाले, “तवाची पन.” ‘चूक माझी झाली’ हे वाक्य त्या घरात पूर्वी कधी बोललं गेलं नव्हतं, असं कुसुमबाईंनी नंतर काळूला सांगितलं. त्या दिवशी समासात १९ हा आकडा आहे.

दवाखान्याच्या मासिक तक्त्यात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि इतर असे रकाने असतात. पावणा ‘इतर’मध्ये गेला. महिनाभराने वरच्या कार्यालयातून विचारणा आली की, ‘इतर’ म्हणजे काय, याचा खुलासा करावा. मी केला. त्यावर दुसरी विचारणा आली. सदर जनावरास खुरकुताची लस दिली आहे काय? खूर नसल्याचं कळवलं. पत्रव्यवहार तिथे थांबला.

मुंबईत परदेशी प्राणी तपासणाऱ्या एका वर्गमित्राकडून मी नंतर आहाराची यादी मागवली. पूर्ण वाढलेल्या पावण्याला मुख्य जेवण पाल्याचं लागतं. शेवग्याचा पाला, जास्वंद, भोपळा. किडे आठवड्यातून दोनदा पुरेत, आणि किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पालक फार नको. दूध, भात, खिचडी बंद. उघडीप असेल तेव्हा खरं ऊन, काचेतून आलेलं नाही. म्हणजे नाकतोड्यांवाचून एक महिना काढणं त्याला जड गेलं नसतं. त्याला जड गेली ती सीएफएल. ही यादी कुसुमबाईंनी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली, पाल्याच्या ओळीखाली दोन रेघा मारून.

यादीत एक ताकीद होती, काजवे देऊ नका. परदेशात एका काजव्याने असा सरडा दगावल्याचं वर्गमित्राने कळवलं होतं. आपल्याकडच्या काजव्यांबद्दल त्याला माहिती नव्हती. पुढच्या वर्षी जूनच्या आरंभाला एका शेजाऱ्याने पावण्यासाठी प्रेमाने बरणीभर काजवे आणले. धानक्यांनी ते मागच्या हिरड्याच्या झाडाखाली सोडले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘आवक नाकारली.’

एक गोष्ट इथे लिहायला हवी. १९९८ च्या जानेवारीत मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेचे मास्तर हौदातलं कासव घेऊन आले होते. ते खात नव्हतं. त्या आठवड्यात सकाळी धुकं पडत होतं, हौदाचं पाणी बर्फासारखं होतं. मी खाणं बदलायला सांगितलं आणि चिमट्याने तोंड उघडून भरवायला शिकवलं. मास्तरांनी सांगितलं तसं केलं. पंधरा दिवसांनी कासव मेलं. पाणी किती गार आहे, हे मी विचारलं नव्हतं. काळू तेव्हा त्या दवाखान्यात नव्हता.

२००७ साली अरुणा गौरीला घरी आली. दोन दिवसांसाठी आली होती, चार दिवस राहिली. प्रशिक्षण संपल्यावर तिने ठाण्यात खोली घेतली. तिथे सरडा ठेवायला अडचण नव्हती, पण पावणा भातसानगरलाच राहिला. त्याला इथलं कौल मानवतं, असं कारण तिने दिलं.

पावणा २००९ च्या डिसेंबरात, एका बुधवारी दुपारी, कौलावर गेला. वय नेमकं माहीत नव्हतं. अरुणाने घेतला तेव्हाच तो पूर्ण वाढलेला होता. मी शवविच्छेदन सुचवलं नाही. वहीत त्या दिवशी आवकीला शून्य आणि विसर्गाला शून्य आहे, शेऱ्याचा रकाना कोरा आहे. अरुणाला कुसुमबाईंनी त्याच संध्याकाळी कळवलं.

वही मी पुढच्याच आठवड्यात पाहिली. बुधवारच्या ओळीनंतर रकाने आखलेले नाहीत. त्याखाली फक्त रविवार लिहिला आहे, वेळ साडेदहा, आणि समासात ३७.